आजीबाईचा बटवा आणि मात्रेचा प्रश्न

जुन्या मराठी घरांत तान्ह्या मुलाला न्हाऊमाखू घालून झाले की सहाण मांडली जाई. तिच्यावर उकळून गार केलेल्या पाण्याचे किंवा आईच्या दुधाचे चार थेंब घेऊन हळकुंड, वेखंड, सुंठ, मुरुडशेंग, बाळहिरडा, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, जायफळ, बदाम, खारीक अशी एकेक वस्तू उगाळली जाई, आणि ती किती उगाळावयाची याचे माप तोळ्यामाशांत नव्हे, तर वेढ्यांत सांगितले जाई. याचा एक वेढा, त्याचे दोन, जायफळाचा मात्र अर्धाच, आणि तोही मूल रात्रभर किरकिरत असेल तरच. मुलाचे पोट गच्च असेल त्या दिवशी बाळहिरड्याचा वेढा वाढे, पोट ढिले असेल त्या दिवशी तो गाळला जाऊन मुरुडशेंग पुढे येई. या गुटीतील कोणत्या द्रव्याचा कोणता गुण आधुनिक कसोटीस उतरतो याचा विचार पुढे करावयाचा आहेच. परंतु सहाणेवरचा वेढा हे मात्रेचे अत्यंत सूक्ष्म, दररोज रोग्याकडे पाहून बदलणारे आणि चुकूनही फार मोठे न होणारे माप होते, ही गोष्ट आरंभीच नोंदवून ठेवली पाहिजे, कारण या लेखातील सर्व विवेचन अखेर त्या वेढ्याशीच येऊन थांबणार आहे.

घरगुती वनौषधींविषयी आज जो वाद चालतो तो बहुधा दोन टोकांवरून चालतो. एक पक्ष म्हणतो की जे निसर्गातून आले ते निरुपद्रवी असलेच पाहिजे, पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले ते गुणकारी असलेच पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो की ज्याची प्रयोगशाळेत परीक्षा झाली नाही ते सारे अडाणीपणाच्या सदरात जमा. या दोन्ही पक्षांनी प्रश्नच चुकीचा मांडला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अडुळसा चांगला की वाईट, असा प्रश्न संभवतच नाही. अडुळशाचे कोणते अंग, कोणत्या रीतीने सिद्ध केलेले, किती प्रमाणात, कोणाला, कोणत्या तक्रारीसाठी आणि किती दिवस, एवढा तपशील भरल्यावाचून कोणत्याही वनस्पतीचा निवाडा करणे म्हणजे कैफियत न ऐकता हुकूमनामा काढणे होय. हा तपशील भरण्याची शिस्त परकीयांकडून आणावयाची नाही. रानातील वनस्पतींची नावे आणि रूपे गुराखी, मेंढपाळ आदी वनचरांना ठाऊक असतात, परंतु एवढ्याने औषधाचे ज्ञान झाले असे होत नाही, आणि न ओळखलेले औषध विषासारखेच मानावे, हा विचार चरकसंहितेच्या अगदी पहिल्या अध्यायातच आलेला आहे.

या ज्ञानाचे दप्तर आपल्या प्रांताशी किती जवळून संबद्ध आहे हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि जवळजवळ तीन दशकांच्या वास्तव्यानंतर १५६३ साली त्याने येथील औषधिद्रव्यांवरील आपला संवादग्रंथ गोव्यातच छापविला; स्थानिक वैद्यांचे म्हणणे ऐकून घेणे, बाजारातील जिन्नस स्वतः हाताळणे आणि युरोपातील प्राचीन ग्रंथकारांचे म्हणणे अनुभवाशी जुळत नसेल तर तसे उघडपणे लिहिणे, हा त्याचा विशेष होता. अतिसारावरील ज्या मलबारी झाडाचे त्याने वर्णन केले, त्याची ओळख अभ्यासक आपल्या कुड्याशी पटवितात. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते, आणि मृत्यूनंतर १५८० साली धर्मसमीक्षण न्यायालयाच्या आज्ञेने त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या, हेही ज्ञानाच्या इतिहासात विसरण्यासारखे नाही. त्यानंतर शंभर वर्षांनी डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा वनस्पतिकोश सिद्ध केला, त्यात मलबारातील इट्टी अच्युतन या वैद्याची जबानी जशी आहे, तसाच रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोकणी वैद्यांचा नागरी लिपीतील कोकणी दाखलाही छापलेला आहे. पुढे इंग्रजी अमदानीत मुंबईत डिमॉक याने आणि त्यानंतर लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी हे काम हाती घेतले. कीर्तिकर व बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १९१८ साली, कीर्तिकरांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'औषधी-संग्रह' यांनी हे ज्ञान सामान्य वाचकाच्या घरापर्यंत नेले. सांगावयाचे ते एवढेच, की आजीबाईचा बटवा आणि विद्वानांचे ग्रंथ यांच्यामध्ये आज दिसते तशी भिंत पूर्वी नव्हती. वैद्य, वैदू, काष्ठौषधींचा दुकानदार आणि घरातील वडीलधारी बाई यांच्यात माहितीची देवघेव चालू असे.

आता नित्याच्या तक्रारींकडे वळू. त्यांत पहिला मान पोटाचा. मलावरोधावर इसबगोल हे असे द्रव्य आहे की ज्याच्याविषयी जुना अनुभव आणि नवी परीक्षा यांच्यात काहीच तंटा उरलेला नाही. याचे नाव फारसी. बीजाचा आकार घोड्याच्या कानासारखा, म्हणून अस्प-गोल. बीजावरील भुसा पाणी शोषून फुगतो आणि मळास आकारमान देतो, ही त्याची सारी कृती. रक्तातील घातक कोलेस्टेरॉलही त्याने काही प्रमाणात उतरते, हे मान्य झाले आहे. त्याची अट एकच, की तो भरपूर पाण्याबरोबर घ्यावा, नाहीतर फुगण्याचा तोच गुण घशात वा आतड्यात अडसर होऊन बसतो. सोनामुखीही निःसंशय गुणकारी, परंतु ती आतड्यास चाबूक मारून चालविणारी. ती चार दिवसांचे औषध आहे, चार वर्षांचे नव्हे. आल्याने मळमळ थांबते, विशेषतः गर्भारपणातील सकाळची, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. ओव्याचा वास ज्या द्रव्याचा असतो ते थायमॉल जंतुनाशक आहे, आणि पहिल्या महायुद्धापूर्वी आपला ओवा त्याच द्रव्यासाठी जर्मनीस रवाना होत असे. जेवणानंतर चिमूटभर ओवा सैंधवाबरोबर चघळणाऱ्यास या इतिहासाची गरज नाही, त्याचे पोट हलके होते एवढे त्याला पुरे आहे, आणि अशा किरकोळ तक्रारीत एवढे पुरे मानण्यास माझी हरकत नाही.

जुलाबाच्या बाबतीत मात्र पुरे मानता येत नाही. डाळिंबाची साल, कुड्याची साल, जायफळ, ही सर्व द्रव्ये मळ बांधण्यासाठी दिली जात आणि त्यांतील कुड्याच्या सालीत आमांशाच्या जंतूंवर चालणारे अल्कलॉइड सापडलेही. परंतु जुलाबाने मूल दगावते ते मळामुळे नव्हे, शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्याने. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो पटकीग्रस्तांना जगविले, तेव्हा ही गोष्ट निर्विवाद झाली. तांदळाच्या पिठापासून केलेले तसेच पाणी पटकीत साखरेच्या पाण्याहूनही सरस ठरते, असेही पुढे आढळले. कोकणातल्या घरात पोट बिघडलेल्या माणसापुढे मीठ घातलेली पातळ पेज ठेवण्याचा जो परिपाठ होता, तो म्हणून मला बटव्यातील पुष्कळशा मुळ्यांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. ती पेज कोणी औषध म्हणून नोंदवली नाही, म्हणून ती औषधांच्या यादीतून सुटली.

खोकल्याचे प्रकरण याहून गहन आहे. अडुळसा परसात वाढतो, जनावरे त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून तो कुंपणास लावतात; त्याच्या पानांचा रस सहजासहजी निघत नाही, म्हणून पाने वाफवून किंवा पुटपाकाने भाजून मग पिळतात, आणि तो रस मधाबरोबर चाटवितात. या पानांतील व्हॅसिसीन या अल्कलॉइडच्या रचनेवरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध घडविले गेले, आणि आज डॉक्टर ज्या खोकल्याच्या औषधांत अँब्रोक्सॉल लिहून देतात ते ब्रोमहेक्झिनचेच शरीरात होणारे रूपांतर आहे. म्हणजे औषधाच्या दुकानातून बाटली आणणारा गृहस्थ आपल्या कुंपणावरील झुडपाचाच दूरचा वंशज विकत घेऊन येतो. परंतु हेच व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन करू शकते, म्हणून गर्भवतीने अडुळशाचा रस घेऊ नये, ही गोष्ट त्या रसाची महती सांगणारे बहुधा सांगत नाहीत. गुण आणि दोष एकाच पानात, एकाच द्रव्यात, एकाच वेळी असतात. मधाचीही तीच कथा. साध्या सर्दीखोकल्यात मधाने आराम पडतो हे आता इतके मान्य झाले आहे की ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१८ साली प्रतिजैविकांच्या आधी मध घेऊन पाहावा असे सुचविले; आणि तरीही एक वर्षाच्या आतील मुलाला मधाचे बोटही चाटवू नये, कारण मधात असू शकणारे बोट्युलिनम जंतूचे बीजाणू तान्ह्या आतड्यात रुजतात आणि त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. आपल्याकडे जन्मलेल्या मुलाच्या जिभेवर सोन्याने मध लावण्याची चाल आहे. ती चाल सोडावी, असे मी विनंतीपूर्वक पण निःसंदिग्धपणे म्हणेन.

खोकल्याविषयी आणखी एकच शब्द: तो दोन आठवड्यांच्या पुढे टिकला तर कोणताही रस, कोणताही अवलेह, कोणतेही चूर्ण पुढे न करता थुंकी तपासून घ्यावी. क्षयाच्या रोग्याने ज्येष्ठमधाच्या काड्या चघळीत दवडलेले महिने त्याचे एकट्याचे नसतात, ते घरातील मुलांचेही असतात.

दातदुखीवर लवंग, तर तिच्यातील युजेनॉल दंतवैद्य आजही जस्ताच्या भस्मात कालवून दातात भरतात, म्हणून तिच्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही. शिकेकाई, रिठा, माका यांनाही येथे नुसता रामराम करून पुढे जातो.

हळदीपाशी मात्र थांबले पाहिजे. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठास जखमेवर हळद वापरण्याच्या 'शोधा'चे एकस्व मिळाले, भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असता, त्याला हरकत घेतली आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. त्या प्रकरणातूनच पुढे २००१ पासून आपल्या पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल दप्तरखाना उभा राहिला. हा विजय अभिमानास्पद आहे. परंतु त्या निवाड्याने सिद्ध झाले ते हळदीचे जुनेपण, तिची परिणामकारकता नव्हे, आणि या दोन गोष्टी आपण सर्रास एक मानतो. हळदीतील कर्क्युमिन परीक्षानळीत अनेक पराक्रम करते, पण पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते. मिऱ्यातील पिपरीन सोबत दिले तर ते सुमारे वीसपट अधिक उतरते, असे १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखविले, आणि त्याबरोबर दुधात हळदीसोबत मिरे घालणाऱ्या आजीचे सर्वांनी कौतुक केले. ते कौतुक योग्यच होते. परंतु त्याच शोधाचा हवाला घेऊन जेव्हा कर्क्युमिन वेगळे काढून, पिपरीनची जोड देऊन, एकेका गोळीत अनेक दिवसांच्या आमटीभाजीत मिळून येणार नाही इतके भरण्यात आले, तेव्हा २०१९ साली इटलीत अशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृतदाहाची प्रकरणे एकामागून एक नोंदविली गेली. सांगलीच्या पेवांतून निघालेली हळद आणि त्या गोळीतील हळद यांचे कूळ एक, पण मात्रा एक नव्हे. आणि औषधाच्या जगात मात्रा बदलली की वस्तूच बदलते.

हाच धडा गुळवेलीने आपल्या घराच्या अधिक जवळ शिकविला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर वर्षानुवर्षे शिस्तीने काम केले. पित्तमार्ग अडून झालेल्या काविळीच्या रोग्यांना शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेल दिली असता जंतुसंसर्ग आणि मृत्यू कमी झाल्याचे त्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केले. 'फुलवा' आणि 'वृक्षगान' लिहिणाऱ्या या विदुषीस वनस्पतीविषयी जे प्रेम होते, ते तिला मोजण्यापासून, तुलनागट ठेवण्यापासून आणि फसलेला प्रयोग फसला असे लिहिण्यापासून अडवीत नव्हते. पुढे २०२० ची महामारी आली, केंद्रीय आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ, मनुका यांच्या काढ्याची शिफारस केली, आणि भयभीत लोकांनी त्यात स्वतःच्या अखत्यारीत गुळवेलीची भर घालून तो दिवसातून तीनतीनदा, महिनोन्‌महिने प्यावयास आरंभ केला. त्याच मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून अशी ४३ प्रकरणे मांडली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती खरी गुळवेल नसून तिच्या जातीची दुसरी वेल असू शकेल. हा आक्षेप खरा मानला तरी रोग्यास त्याचे समाधान कोणते? कारण मग प्रश्न एवढाच उरतो की बाजारातील गुळवेल खरी आहे याची खातरजमा करण्याची जबाबदारी कोणाची होती. मला स्वतःला या दोन्ही शोधांत विसंगती दिसत नाही. रुग्णालयात, निवडलेल्या रोग्यास, ओळख पटविलेली वेल ठराविक मुदतीसाठी देणे ही एक गोष्ट, आणि निरोगी माणसाने शरीराच्या प्रतिकारशक्तीस अखंड डिवचीत राहणे ही दुसरी; ज्यांच्या शरीरात स्वतःच्याच यकृतावर उलटणारी प्रवृत्ती सुप्त असते त्यांना हे डिवचणे भोवते, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

काविळीचा विषय निघाला म्हणून सांगतो. गावोगाव काविळीचे औषध देणारे घराणे असते, मोबदला न घेता ते देण्याचा त्याचा नेम असतो, आणि त्याचे यश दांडगे असते. याचे कारण असे की दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक निरोगी माणसांत आपली आपण बरी होते. मधल्या काळात जे औषध दिले जाईल त्याच्या नावावर ते श्रेय जमा होते. भुईआवळीसारखे सौम्य औषध असेल तर यात विशेष बिघडत नाही. पण देवडांगरीचा रस नाकात सोडला म्हणजे नाकाच्या अस्तराची आग होऊन जो पिवळा स्राव वाहतो तो कावीळ बाहेर पडत असल्याचा पुरावा मानणे, किंवा दंडावर डाग देणे, ही निव्वळ यातना आहे. आणि कावीळ पित्ताशयाच्या खड्याची, लेप्टोस्पायरोसिसची किंवा गाठीची असेल तर गेलेला आठवडा परत मिळत नाही. भुईआवळीचीही पुरती परीक्षा झाली आहे. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी ब प्रकारच्या काविळीचे विषाणू दीर्घकाळ बाळगणाऱ्या ३७ जणांना ती दिली तेव्हा २२ जणांच्या रक्तातून त्या विषाणूची खूण नाहीशी झाली, तर नुसते साधे चूर्ण दिलेल्या २३ जणांत एकाच्या. सर्व जगाचे डोळे त्या रोपट्याकडे वळले. पुढे इतरत्र तोच प्रयोग केला असता तसे यश आले नाही. एका प्रयोगावर विसंबू नये हे सांगण्यासाठी याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

उलट ज्या वनस्पतींनी कसोटी पार केली त्यांची वाट पाहण्यासारखी आहे. सर्पगंधा पूर्वापार सर्पदंशावर व उन्मादावर वापरली जाई, मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या ५० रोग्यांना देऊन, मोजून, १९४९ साली ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात आपला वृत्तान्त छापला, तीन वर्षांनी तिच्यातून रिसर्पीन वेगळे निघाले आणि जगभर रक्तदाबाची चिकित्सा बदलली. तेच रिसर्पीन काही रोग्यांस विषण्णतेच्या गर्तेत ढकलते असे पुढे दिसले आणि अधिक चांगली औषधे येताच ते मागे पडले. चीनच्या तू यूयू यांना हिवतापावरील औषधासाठी २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचे मर्म तर आपल्या वैद्यांना विशेष कळावे असे आहे. वनस्पती उकळून काढलेला अर्क निकामी ठरत होता. चौथ्या शतकातील एका ग्रंथात ती पाण्यात भिजवून पिळून घ्यावी असे वाचल्यावर त्यांनी उष्णता टाळली आणि गुण हाती लागला. आपल्या शास्त्राने स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा पाच कल्पना वेगळ्या ठेवल्या आहेत त्या याचसाठी. क्वाथास शार्ङ्गधर सोळापट पाणी घालून अष्टमांश उरवावयास सांगतो, हिमास रात्रभर थंड पाण्यात भिजत ठेवावयास सांगतो. आज घरोघरी जो काढा होतो तो या पाचांपैकी कोणता, असे विचारले तर उत्तर बहुधा मिळत नाही. जे हाताशी असेल ते पातेल्यात टाकून मन मानेल तितके आटवावयाचे, एवढाच त्याचा विधी.

लहान मुलांच्या बाबतीत अधिक कठोर बोलणे प्राप्त आहे, आणि बटव्याविषयी ज्याला आदर आहे त्यानेच ते बोलले पाहिजे. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात मुंबईतील चाळींत आया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफू घातलेली बाळगोळी देत, कारण दिवसभर मुलाला पाहणारे कोणी नसे. मजुरांच्या स्थितीविषयीच्या सरकारी चौकशांत याच्या नोंदी आहेत. तो दोष त्या आयांचा नव्हता, पण ती गोळी परंपरा होती म्हणून औषध ठरत नाही. वेखंडातील बीटा-ॲसरोन या द्रव्याने उंदरांत अर्बुदे झाल्यामुळे अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास मनाई केली, आणि भारतीय वेखंडात हे द्रव्य विशेष असते. वेखंडाची पूड बाळाच्या टाळूवर लावावयाची असेल तर लावावी, गुटीतून मात्र ती गाळावी, असे मी म्हणेन. कापूर पोटात गेल्याने मुलांना झटके येतात. निलगिरीच्या तेलाचेही तेच. कडुनिंबाचे तेल पाजल्याने तान्ह्या मुलांचा मेंदू आणि यकृत बिघडल्याची प्रकरणे मलेशियात नोंदली गेली आहेत. पाडव्याचा कडुनिंबाचा पाला आणि निंबोळीचे तेल यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला मान्य केला, तर जुनी गुटी आपोआपच मागे पडते. वेढ्याच्या मापाविषयी मला कितीही ममत्व असले तरी हा सल्ला मी शिरोधार्य मानतो.

आणि बाजार? पूर्वी रविवारपेठेतील किंवा मांडवीतील काष्ठौषधींच्या दुकानात जिन्नस अखंड मिळे. हिरडा हिरड्यासारखा दिसे, मंजिष्ठा तोडून तिचा रंग पाहता येई. चूर्ण झाले की ओळखच पुसली जाते. अशोकाची साल म्हणून उंच सरळ वाढणाऱ्या खोट्या अशोकाची साल विकली जाते. दालचिनी म्हणून जाड सालीची चिनी तज येते, जिच्यातील कुमारीन दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृतास बाधते. ब्रुसेल्समध्ये वजन उतरविण्याच्या चिनी गोळ्यांत एका मुळीऐवजी चुकून दुसरी पडली आणि शंभराहून अधिक लोकांची मूत्रपिंडे निकामी झाली, कित्येकांना पुढे कर्करोग झाला. ती दुसरी मुळी ज्या कुळातील होती त्याच कुळातील सापसण आपल्या कोकणात सर्पदंशावर आणि तापावर आजही सांगितली जाते; ती घराबाहेर ठेवावी हेच बरे. परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींनी हेही ध्यानात ठेवावे की २००४ साली बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला होता.

कायदा नाही असे नाही. १९४० च्या औषधविषयक कायद्यात १९६४ साली आयुर्वेदीय औषधांचे स्वतंत्र प्रकरण आले, बिब्बा, बचनाग, कुचला, धोतरा अशा विषारी द्रव्यांची अनुसूची झाली, त्या द्रव्यांच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे असा इशारा छापणे आवश्यक झाले. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा तर १९५४ पासूनच आहे. परंतु ग्रंथातील कृतीने केलेल्या औषधास परवाना देताना ग्रंथाधार पुरेसा धरला जातो आणि नव्याने रोग्यांवर परीक्षा करण्याची सक्ती नसते, तेव्हा परवान्याचा क्रमांक म्हणजे गुणाची हमी असा अर्थ कोणी घेऊ नये.

राहिली शेवटची आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित बाब. आजीच्या काळी घरात काढा असे तेव्हा बहुधा दुसरे औषध नसे. आज ज्या घरात काढा उकळतो त्याच घरात रक्तदाबाची, मधुमेहाची, रक्त पातळ करणारी गोळीही असते. ज्येष्ठमध नित्य घेतल्यास अंगात मीठपाणी साठून रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते, म्हणजे रक्तदाबाची गोळी घेणारा एका हाताने उतरवितो ते दुसऱ्या हाताने चढवितो. कारल्याचा रस आणि मेथी मधुमेहाच्या गोळीबरोबर साखर प्रमाणाबाहेर उतरवू शकतात. लसणीच्या आणि हळदीच्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधास हातभार लावतात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त थांबेनासे होते. रोगी हे डॉक्टरांना सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नसते, आणि सांगितलेच तर हेटाळणी होईल अशी त्याला भीती असते. डॉक्टरांनी ही हेटाळणी सोडावी, काय घेता, किती, केव्हापासून, एवढे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत, आणि उत्तर नोंदवहीत लिहून ठेवावे. वाचकांना माझी कळकळीची विनंती अशी की पुढच्या खेपेस दवाखान्यात जाताना चालू असलेल्या गोळ्यांच्या पाकिटांबरोबर काढ्याची बाटली, चूर्णाची डबी आणि दुकानातून आणलेली मुळी तशीच पिशवीत घालून न्या, आणि न लपविता डॉक्टरांच्या टेबलावर मांडा.